अपवादाची सनद : जोसलिन ऑटवे-रुथवेन यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

नोव्हेंबर २०१८ मध्ये आयर्लंडच्या सरकारने विद्यापीठांमध्ये केवळ स्त्रियांसाठी वरिष्ठ प्राध्यापकपदे निर्माण करण्याची योजना जाहीर केली. तीन वर्षांत अशी ४५ पदे भरायची होती. त्या सुमारास तिथल्या विद्यापीठांत व्याख्यात्यांमध्ये स्त्रिया जवळपास निम्म्या होत्या, पण प्राध्यापकांमध्ये मात्र एक चतुर्थांशाहूनही कमी. योजना जाहीर होताच जो वाद पेटला, तो मराठी वाचकाला नवा वाटणार नाही. ग्रामपंचायतींपासून विद्यापीठांपर्यंत आरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडेही याच दोन बाजू समोरासमोर उभ्या राहतात. एक बाजू म्हणते की खरी गुणवत्ता असेल तर तिला वाट सापडतेच, राखीव जागेची गरज नाही. दुसरी बाजू म्हणते की स्त्रिया आल्या की ज्ञानाला वेगळी दृष्टी मिळते, म्हणून त्या हव्यात. या दोन्ही विधानांना कोणी एखाद्या प्रत्यक्ष कारकिर्दीवर घासून पाहत नाही, हे मला या वादातले मोठे उणेपण वाटते. मध्ययुगीन आयर्लंडच्या इतिहासकार जोसलिन ऑटवे-रुथवेन यांची कारकीर्द त्या कामी येते. तिच्यापुढे दोन्ही विधाने टिकत नाहीत. त्यांची गुणवत्ता ओळखली गेली होती, तरी दार उघडले नव्हते. ते नियम बदलल्यावर उघडले. आणि आत आल्यावर त्यांनी कोणतीही ‘स्त्रीची दृष्टी’ आणली नाही, आणण्याचे त्यांच्यावर बंधनही नव्हते. समान संधीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे दुसरे सत्य मान्य केल्याशिवाय पहिल्याला धार येणार नाही, असे माझे मत आहे.

ऑटवे-रुथवेन यांचा जन्म १९०९ चा. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि पुढे केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात. पंधराव्या शतकातील इंग्लंडच्या राजाचा चिटणीस आणि त्याच्या ताब्यातील लहान मोहोर यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या कचेरीवरचा त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्र कोणी लिहिले, मोहोर कोणी उठवली, ते कोणत्या कचेरीतून कोणत्या कचेरीत गेले, अशा बारकाव्यांतून राज्यसत्ता कशी चालते हे दाखवण्याची त्यांची रीत तिथेच घडली. पुढे त्या ट्रिनिटीत शिकवू लागल्या आणि १९५१ मध्ये इतिहासकार डब्ल्यू. ई. एच. लेकी यांच्या नावाच्या तिथल्या इतिहासाच्या ‘लेकी’ अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. १९८० पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन दशके, ते अध्यासन त्यांच्याकडे होते. आता याच्या शेजारी दुसरी तारीख ठेवून पाहा. ट्रिनिटी कॉलेज कायद्याच्या दृष्टीने प्रोव्होस्ट (म्हणजे प्रमुख), फेलो आणि स्कॉलर (निवडलेले शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी) यांचे मिळून बनते. फेलो म्हणजे संस्थेचा सन्माननीय पाहुणा नव्हे, तर तिचा घटक. हे फेलोपद स्त्रियांसाठी १९६८ पर्यंत बंद होते. त्या वर्षी जी पहिली स्त्रियांची तुकडी निवडली गेली, तिच्यात ऑटवे-रुथवेन होत्या. म्हणजे सतरा वर्षे त्या इतिहासाच्या प्राध्यापक होत्या, विद्यार्थी घडवत होत्या, संशोधनाची दिशा ठरवत होत्या. मात्र ज्या संस्थेच्या नावाने हे सारे चालले होते, त्या संस्थेच्या पूर्ण सदस्य नव्हत्या. या सतरा वर्षांत त्यांच्या गुणवत्तेत असे काय कमी होते, जे १९६८ मध्ये एकाएकी भरून निघाले?

हा प्रश्न विचारताना त्यांनी केलेले काम डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे, कारण ‘पहिली स्त्री’ या दोन शब्दांत ते नेहमी झाकले जाते. ३० जून १९२२ रोजी, आयरिश यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिनमधील फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीच्या आवारात प्रचंड स्फोट झाला आणि तिथले सार्वजनिक दफ्तर जळून गेले. तेराव्या शतकापासूनच्या न्यायालयीन गुंडाळ्या, हिशेब, फर्माने, सारे गेले. जळक्या कागदांचे तुकडे शहरावर उडत राहिले. पेशवे दफ्तर एका दुपारी नष्ट झाले असते तर मराठ्यांच्या इतिहासाचे काय झाले असते, अशी कल्पना केली म्हणजे या हानीची थोडी जाणीव होते. ऑटवे-रुथवेन यांच्या पिढीच्या वाट्याला ही राख आली. जळण्यापूर्वी छापून निघालेली सारसंग्रहांची पुस्तके, आधीच्या अभ्यासकांनी करून ठेवलेल्या नकला, ऑर्मंडसारख्या सरदार घराण्यांची खासगी कागदपत्रे, आणि आयर्लंडच्या खजिनदारांचे हिशेब तपासणीसाठी वेस्टमिन्स्टरला जात असल्यामुळे लंडनमध्ये सुरक्षित राहिलेले कागद, एवढ्या सामग्रीतून मध्ययुगीन आयर्लंडचा कारभार पुन्हा उभा करायचा होता. परगण्यांचा राज्यकारभार कसा चाले, सरंजामी लष्करी सेवा कोणाकडून किती घेतली जाई, जहागिरीतली शेते कशी विभागलेली असत, यांवर त्यांनी एकेक निबंध लिहिला. शेतीवरच्या निबंधात तर जहागिरीच्या मोजणीपत्रकांतून त्या कोणती कुळे इंग्रज, कोणती आयरिश, कोणाची जमीन गावाच्या शिवारात मिसळलेली आणि कोणाची वेगळ्या वाडीत, इथपर्यंत जातात. असे काम केलेल्या व्यक्तीची ओळख तिच्या लिंगावरून सुरू करून तिथेच संपवणे हा मला त्या कामाचा अनादर वाटतो.

आणि त्या कामात एक धागा असा आहे, जो या साऱ्या वादाला थेट भिडतो. बाराव्या शतकात इंग्लंडच्या बाजूने आलेल्या नॉर्मन सरदारांच्या आगमनानंतर आयर्लंडमध्ये इंग्लिश कायदा आला, पण तो सर्वांसाठी नव्हता. राजाच्या न्यायालयात एखादा माणूस उभा राहून म्हणे की अमक्याने माझी गाय नेली. प्रतिवादीला गाय नेली की नाही याचे उत्तर देण्याची गरजच नसे. हा माणूस आयरिश आहे, मी याला उत्तर देण्यास बांधील नाही, एवढे म्हटले आणि ते खरे ठरले की दावा निकालात निघे. आयरिश माणसाची हत्या हा इंग्लिश कायद्याच्या अर्थाने महापराध ठरत नसे. फार तर त्याचा धनी आपल्या नुकसानीची भरपाई मागू शके. यातून सुटण्याचे दोन मार्ग होते. पाच जुन्या आयरिश राजकुळांचे रक्त अंगात आहे असे सिद्ध केले तर कायद्याचे संरक्षण मिळे. नाहीतर राजाकडून वैयक्तिक सनद मिळवावी लागे, की या माणसाला आणि त्याच्या वंशजांना इंग्लिश कायदा लागू होईल. १२७७ ते १२८० या काळात कॅशलच्या आर्चबिशपच्या पुढाकाराने सर्वच आयरिश लोकांना हा कायदा लागू व्हावा म्हणून राजा पहिला एडवर्ड याच्यापुढे आधी ७,००० आणि नंतर १०,००० मार्कांची (मार्क हे तेव्हाचे हिशेबाचे चलन) रक्कम देऊ करण्यात आली. सरसकट हक्क म्हणून तो प्रत्यक्षात आला नाही. एकेकट्या सनदा मात्र दिल्या जात राहिल्या. या प्रकरणाचा आणि एकंदरीत आयरिश माणसाच्या कायदेशीर स्थितीचा पायाभूत अभ्यास ऑटवे-रुथवेन यांनी १९४९ आणि १९५० मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे अध्यासनावर नेमणूक होण्याच्या अगदी आधी.

त्यांनी हे लिहिताना स्वतःच्या संस्थेचा विचार केला होता असे मी म्हणत नाही. त्यांच्या लेखणीला तसले सूचन मानवणारे नव्हते. पण वाचणाऱ्याला ते साम्य टाळता कसे येईल? वैयक्तिक सनदेचे वैशिष्ट्य हे की ती नियम मोडत नाही, ती नियमाला टिकवते. ज्याला सनद मिळाली तो सुटतो, आणि ज्यांना ती मिळाली नाही त्यांना सांगता येते की पाहा, लायक माणसाला वाट मिळतेच. १९५१ ची नेमणूक ही अशी सनद होती. तिचे मोल कमी नव्हते, पण तिच्यामुळे दुसऱ्या कोणत्याही स्त्रीचा दर्जा बदलला नाही, आणि खुद्द धारकाचाही पुरता बदलला नाही.

विरोधकांच्या बाजूने इथे एक भक्कम मुद्दा आहे आणि तो दडपून चालणार नाही. ऑटवे-रुथवेन यांच्या आधी त्याच लेकी अध्यासनावर १९४५ पासून कॉन्स्टँशिया मॅक्सवेल होत्या. म्हणजे १९४५ ते १९८० अशी सलग पस्तीस वर्षे आयर्लंडच्या सर्वांत जुन्या विद्यापीठातले हे अध्यासन स्त्रियांकडे होते, आणि तेही कोणत्याही राखीव जागेविना. मग गुणवत्ता वाट काढते, हे खरेच ठरले नाही का? एका पदापुरते ठरले. पण एखाद्या देशात एकाच काळी दोन वेगवेगळे नियम चालू असतील तर गुणवत्तेचा आणि नियमाचा वाटा वेगळा करून पाहता येतो, आणि आयर्लंडने ही संधी आपल्याला दिलेली आहे. १९०८ च्या कायद्याने जे राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले, त्यात पदवीपासून अधिकारमंडळांपर्यंत प्रत्येक पद पहिल्या दिवसापासून स्त्रियांना खुले होते. परिणामी १९११ मध्ये मेरी हेडन डब्लिनमध्ये आधुनिक आयरिश इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या, विद्यापीठाच्या पहिल्या सिनेटवरही त्या होत्या. १९१४ मध्ये गॉलवेला मेरी डोनोव्हन ओ’सलिव्हन इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या. ट्रिनिटीने स्त्रियांना १९०४ मध्ये पदवीसाठी प्रवेश दिला होता, म्हणजे चार वर्षे आधी. तरी विद्यार्थिनींनी संध्याकाळी सहा वाजता आवाराबाहेर पडावे हा दंडक तिथे दीर्घकाळ होता, आणि फेलोपदाला १९६८ उजाडावे लागले. ट्रिनिटी आणि हेडन यांचे कॉलेज, दोन्ही एकाच शहरात, काही मिनिटांच्या अंतरावर. इकडच्या स्त्रिया अधिक हुशार आणि तिकडच्या कमी, असे कोणी म्हणेल का? फरक फक्त नियमाचा होता.

याहून बोलके उदाहरण एलेनोर नॉट यांचे आहे. मध्ययुगीन आयरिश दरबारी कवितेच्या त्या थोर संपादक. रॉयल आयरिश अकादमीने जुन्या आयरिश भाषेचा जो कोश हाती घेतला होता, त्यासाठी त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९३९ पासून त्या ट्रिनिटीत प्राचीन आयरिशच्या प्राध्यापक होत्या. पण १७८५ मध्ये स्थापन झालेल्या त्या अकादमीने स्त्रियांना सदस्य करून घेतले ते १९४९ मध्ये. त्या वर्षीच्या चौघींमध्ये नॉट होत्या आणि आयरिश कलेच्या इतिहासकार फ्रँस्वाज हेन्रीही होत्या. अकादमीच्या शब्दकोशातले शब्द ज्यांनी उलगडले, त्यांना अकादमीच्या सदस्ययादीत जागा मिळायला इतका काळ लागला. गुणवत्ता दिसत नव्हती असे इथे म्हणताच येत नाही. तिचा रोज उपयोग करून घेतला जात होता.

हे केवळ आयर्लंडचे नाही. १९०४ ते १९०७ या काळात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या सातशेच्या आसपास स्त्रिया बोटीने डब्लिनला आल्या आणि ट्रिनिटीची पदवी घेऊन परत गेल्या, कारण त्यांनी परीक्षा आपापल्या विद्यापीठात पूर्ण केल्या होत्या पण ती विद्यापीठे स्त्रियांना पदवी देत नव्हती. आपल्या नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची कथाही याच जातीची आहे: पदवी परीक्षेतल्या यशामुळे ज्या सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला जाण्याचा त्यांचा हक्क होता, ती स्त्री म्हणून नाकारली गेली, नंतर खासगी मदतीवर ऑक्सफर्डला जाऊन १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली ती १९२२ मध्ये. परीक्षेने गुणवत्ता सिद्ध होते, हे मान्य. पण सिद्ध झाल्यावर पुढचे तीस वर्षांचे अंतर गुणवत्तेने कापायचे होते की नियमाने?

राखीव पदांवरचा दुसरा आक्षेप अधिक अस्वस्थ करणारा आहे. अशा पदावर आलेल्या स्त्रीच्या प्रत्येक लेखाकडे लोक संशयाने पाहतील, तिला आयुष्यभर शिक्का घेऊन वावरावे लागेल, आणि हे ओझे योजना आखणाऱ्यांवर नव्हे तर तिच्यावर पडेल. हे खरे आहे, आणि मी ते कमी लेखणार नाही. पण शिक्का फक्त राखीव जागेनेच बसतो का? मॅक्सवेल, ऑटवे-रुथवेन, नॉट यांच्यापैकी कोणीही राखीव जागेवर आले नव्हते. तरी त्यांच्यावर लिहिलेला जवळजवळ प्रत्येक परिचय ‘पहिली’ या शब्दाने सुरू होतो. अपवादालाही शिक्का असतोच. उलट शेकडो पुरुष अशा काळात फेलो झाले जेव्हा अर्धी लोकसंख्या स्पर्धेतच नव्हती. तीही एक राखीव जागाच होती, १५९२ पासून १९६८ पर्यंत चाललेली. तिच्यावर बसलेल्यांच्या पांडित्याविषयी आज कोणी शंका घेत नाही, आणि घ्यावी असे माझेही म्हणणे नाही. मग तीच सभ्यता दुसऱ्या बाजूला का नको?

आता समर्थकांकडे वळले पाहिजे, कारण त्यांचा युक्तिवाद मला अधिक जवळचा असूनही अधिक खटकतो. स्त्रिया आल्या की इतिहासात वेगळी दृष्टी येते, दबलेल्यांचा आवाज ऐकू येतो, असे ते सांगतात. ऑटवे-रुथवेन यांचा मुख्य ग्रंथ, ‘अ हिस्टरी ऑफ मिडीव्हल आयर्लंड’, १९६८ मध्येच प्रसिद्ध झाला. नॉर्मनपूर्व काळासाठी त्याला कॅथलीन ह्यूज यांची विस्तृत प्रस्तावना आहे. पुढचा सारा ग्रंथ मुख्यतः इंग्लिश वसाहतीचा, तिच्या कारभाराचा, सरदारांचा आणि न्यायाधीशांचा इतिहास आहे. गेलिक, म्हणजे मूळ आयरिश भाषा-संस्कृतीचे, आयर्लंड त्यात येते ते बहुतेक वेळा वसाहतीच्या कडेला, तिच्या कागदपत्रांतून दिसेल तेवढेच. गेलिक समाजाच्या आतल्या रचनेचा ठाव घेणारे छोटे पण महत्त्वाचे पुस्तक १९७२ मध्ये आले ते केनेथ निकोल्स या पुरुष अभ्यासकाचे. स्त्रियांच्या जीवनावर ऑटवे-रुथवेन यांनी खास काही लिहिले नाही. यात त्यांचा दोष आहे का? ज्या साधनांवर त्यांची हुकमत होती ती कचेऱ्यांची होती, आणि त्यांतून जे काढता येते ते त्यांनी कोणाहीपेक्षा अधिक काटेकोरपणे काढले. पुढे ट्रिनिटीतच कॅथरीन सिम्स यांनी दरबारी कवींच्या रचना इतिहासाचे साधन म्हणून वाचून गेलिक सरदारांचे जग उभे केले, १९८७ च्या त्यांच्या ग्रंथात राजे हळूहळू लढवय्ये धनी कसे बनले हे त्यांनी दाखवले. पण तेही त्यांना जमले ते त्या भाषेवर आणि त्या काव्यवृत्तांवर त्यांची पकड होती म्हणून. दृष्टी साधनांतून, भाषेतून, प्रश्नांतून येते. ती एखाद्या व्यक्तीच्या देहातून आपोआप येईल असे धरून चालणे म्हणजे स्त्री अभ्यासकावर एक जादा अट लादणे आहे. पुरुषाने लष्करी सेवेवर लिहिले तर तो इतिहासकार, आणि स्त्रीने तेच लिहिले तर तिने संधी वाया घालवली, असे आपल्याला म्हणायचे आहे का?

कॅथलीन ह्यूज यांची गोष्ट या संदर्भात मला फार मोलाची वाटते. मिडल्सब्रोला जन्मलेल्या या इंग्लिश बाईंनी केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात बसून प्रारंभीच्या आयरिश चर्चचे जे चित्र १९६६ मध्ये मांडले, ते काही वर्षे या विषयाचा पायाच होते: आरंभी बिशपांच्या अधिकारातले प्रदेश, मग सातव्या-आठव्या शतकांत मठांच्या दूरवर पसरलेल्या संघांनी त्या व्यवस्थेवर केलेली मात. १९७७ मध्ये, पन्नाशी ओलांडताच त्यांचे निधन झाले. १९८४ मध्ये रिचर्ड शार्प यांनी या प्रतिमानालाच आव्हान दिले, आणि आज ते जसेच्या तसे कोणी स्वीकारत नाही. तरी त्या विषयावर लिहिणाऱ्या कोणालाही ह्यूज यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. कारण त्यांनी प्रश्न इतका स्पष्ट मांडला होता की तो खोडून काढता आला. विद्वत्तेच्या जगात बरोबरीचा दर्जा मिळाल्याची याहून खरी खूण कोणती? ‘पहिली’ म्हणून ज्यांना हार घातले जातात, त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही. ह्यूज यांच्याशी लोक आजही वाद घालतात. राखीव पदावर आलेल्या स्त्रीलाही हेच मिळायला हवे: तिचे चुकणे हे तिच्या वर्गाचे अपयश न मानले जाता एका अभ्यासकाचे चुकणे मानले जावे. आणि एखाद्या विभागात एकच स्त्री असेल तर हे घडत नाही. चार-पाच असतील तरच घडते. माझ्या लेखी ४५ पदांच्या बाजूचा खरा युक्तिवाद हा आहे, आणि तो त्या चर्चेत मला जवळजवळ दिसलाच नाही.

एक कबुली राहते, आणि ती समर्थकांना सर्वांत अवघड जाईल. ऑटवे-रुथवेन जुन्या, सुस्थित अँग्लो-आयरिश, म्हणजे आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रज वळणाच्या, घराण्यातल्या होत्या. केंब्रिजला जाऊन संशोधन करणे त्यांच्या काळात आयर्लंडमधल्या किती मुलींना शक्य होते? तेराव्या शतकातल्या न्यायालयात पाच राजकुळांच्या रक्ताला जी सवलत होती, तशी काही सवलत घराण्याची आणि पैशाची त्यांनाही होती. म्हणून स्त्रियांसाठीच्या वरिष्ठ पदांचा लाभ मुख्यतः आधीच सुस्थित असलेल्यांना होईल, ही टीका मी निराधार मानत नाही. १३३१ मध्ये अखेर राजाच्या नावाने सर्वसाधारण फर्मान निघाले की आयर्लंडमधल्या इंग्रजांना आणि आयरिशांना एकच कायदा असेल. त्यातही एक अपवाद लिहिलेला होता: बेटाघ, म्हणजे जमिनीला बांधलेली आयरिश कुळे, आपल्या धन्यांच्याच अखत्यारीत राहतील. ज्यांना त्या कायद्याची सर्वाधिक गरज होती, नेमके तेच बाहेर राहिले. व्यवहारात तर फर्मान निघाल्यानंतरही लोक वैयक्तिक सनदांसाठी अर्ज करतच राहिले.

ट्रिनिटीला २०२१ मध्ये लिंडा डॉयल यांच्या रूपाने ४२९ वर्षांतल्या पहिल्या स्त्री प्रोव्होस्ट लाभल्या, आणि २०२३ मध्ये तिथल्या जुन्या ग्रंथालयाच्या लाँग रूम या दालनात, जिथे तोवर केवळ पुरुषांचे अर्धपुतळे होते, चार स्त्रियांचे अर्धपुतळे बसले. मला याचा मनापासून आनंद आहे. पण त्याच विद्यापीठांत मध्ययुगीन लॅटिन आणि जुनी आयरिश शिकवणारे कितीतरी तरुण अभ्यासक, त्यांत स्त्रिया पुष्कळ, वर्षावर्षाच्या करारावर किंवा तासांच्या हिशेबाने काम करतात. आपल्याकडे ज्यांना तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक म्हणतात, त्यांच्याहून त्यांची स्थिती फार वेगळी नाही. सुट्टीत पगार नाही, पुढच्या सत्राची खात्री नाही, आणि दफ्तरात बसून एखादी गुंडाळी महिनोन्‌महिने वाचायला लागणारी स्वस्थता नाही. प्राध्यापकपदासाठी अर्ज करण्याइतका ग्रंथसंभार त्यांच्या हातून उभा राहायचा कधी? ४५ पदांवरच्या वादात दोन्ही बाजूंनी शिखरावरच्या जागांचीच मोजदाद केली. या लोकांच्या कराराची मुदत किती असावी, हा प्रश्न त्या योजनेच्या पहिल्या पानावर असायला हवा होता.